कारल्याच्या चौकटीतली मुंगी

ब्रिजीत टीचर,

सातव्या दिवशी तुमच्यासाठी झालेल्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात तुमची जेनी स्मरणपत्रिका वाटत होती. एका बाजूला प्रार्थना, दुसऱ्या बाजूला तुमचा तो निळ्या साडीतला फोटो, ज्यात तुम्ही फोटो काढणाऱ्यावर किंचित वैतागलेल्या दिसता. फोटोभोवती कारल्याच्या वेलीची चौकट. मी पत्रिका हातात घेतली आणि जागच्या जागी थिजले. चौकट तुमची होती. होळी गावातल्या तुमच्या वाडीतली वेल, तुम्ही स्वतः स्कॅनरवर मांडून केलेली. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, डोळे बारीक केल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत छापलं होतं : सजावट – मनीषा, चंदनसार.

मनीषा म्हणजे मीच. तुमच्या शेवटच्या कागदावर, तुमच्याच कामाखाली, माझं नाव.

जेनीचा काही दोष नाही. आई अशी अचानक गेलेली, त्या गडबडीत तिनं नायगावला आपल्या बिल्डिंगखालच्या छपाईवाल्याकडे फोटो दिला. त्यानं इंटरनेटवरून एक तयार नमुना उतरवून घेतला, त्यात तुम्हाला बसवलं आणि शंभर-दीडशे प्रती काढल्या. तो नमुना मी वाटलेला होता. माझा म्हणून वाटलेला होता.

पास्कल अंकल आवारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला हातानंच जवळ बोलावलं. पत्रिका आधी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

"तुझं नाव वाचलं गो बाय. म्हटलं, बरं झालं, तिनं शिकवलेल्या पोरीनंच केलं."

मी मान हलवली. मग त्यांनी चौकटीच्या डाव्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "पण इथं मुंगी होती. मुंगी कुठं गेली?"

"छपाईत गेली असेल, अंकल," मी म्हटलं.

तुम्हाला पुरून जेमतेम सात दिवस झाले होते, टीचर, आणि मी तुमच्या नवऱ्याच्या तोंडावर खोटं बोलले. तेही इतक्या सहज, की मला स्वतःचीच भीती वाटली. रिक्षात बसल्यावर पत्रिका पर्समध्ये ठेवायचं धाडस होईना आणि फेकायचंही होईना. घरी पोहोचेपर्यंत ती घामानं मऊ झाली.

आपली ओळख झाली तेव्हा मला तुम्ही नागपूरच्या असाल असं वाटलं होतं. का, कोण जाणे. डिजिटल स्क्रॅपबुक करणाऱ्या बायकांच्या त्या मराठी ग्रुपवर सगळ्याच जणी लांबच्या वाटायच्या. कात्री आणि डिंक न घेता कॉम्प्युटरवर फोटोंची पानं सजवायची, हा आमचा सगळ्यांचा छंद. त्यासाठी लागणारे कागद, चौकटी, फुलं, फिती कोणीतरी चित्रं म्हणून तयार करायची आणि संच बांधून बाकीच्यांना फुकट द्यायची. बहुतेकींच्या संचात गुलाब, फुलपाखरं आणि टेडी बेअर. तुमच्या संचाचं नाव होतं 'भाजीवाडी'. त्यात वांग्याचं जांभळं फूल होतं, कोथिंबिरीची काडी होती, सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधतात ते केळीचं वाळकं पान होतं. एक लाल कागद तर असा होता की मी विचारलंच, "हा रंग कुठून आणलात?" तुम्ही लिहिलंत, "आईच्या लुगड्यावरून. होळी, वसई."

वसई! मी विरार पूर्वेला, चंदनसारला, चौथ्या मजल्यावर बसून नागपूरच्या बाईंना मनातल्या मनात नमस्कार करत होते, आणि तुम्ही इथं, एक रिक्षा आणि एक बस इतक्या अंतरावर.

पहिल्यांदा आले तेव्हा तुमच्या जेवणाच्या टेबलावर स्कॅनर होता आणि त्याच्या काचेवर भोपळ्याचं फूल. झाकण उघडंच. वरून तुम्ही जुन्या छत्रीचं काळं कापड अंथरलंत. "झाकण दाबलं की फुलाचा पापड होतो," तुम्ही म्हणालात. अंकल दारातून ओरडले की आमचं जेवण त्या मशीनपायी राहिलंय. तुम्ही त्यांना तुमच्या बोलीत काहीतरी सुनावलंत, ते मला अर्धंच कळलं, पण सूर पूर्ण कळला. मग माझ्याकडे वळून शाळेतल्या मराठीत म्हणालात, "हं, तर सावली."

सावलीचा धडा मी कधी विसरणार नाही. तुमच्या लेखी धड्यांतला तो सातवा. "पानावर सूर्य एकच असतो. फोटोची सावली डावीकडे आणि फुलाची उजवीकडे पडली तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलंय हे त्याला कळेल." प्रत्येक धड्याच्या मध्ये कुठेतरी तुम्ही लिहायचात, "आता सेव्ह करा. उठा. पाणी प्या." छत्तीस वर्षं पोरांना शिकवून आलेल्या बाईनं बासष्टाव्या वर्षी हे सगळं शिकून घेतलं होतं, आणि शिकल्याबरोबर शिकवायला सुरुवात केली होती.

मी तुमच्याशी भांडायचे. "टीचर, आजकाल धडे कोण वाचतं? व्हिडिओ करा."

"व्हिडिओत शिकवणारीचा वेग असतो. वाचताना शिकणारीचा."

"अहो, व्हिडिओ थांबवता येतो की!"

"येतो. थांबवतेस का?"

मी हसून विषय बदलायचे. हे भांडण आपलं तसंच राहिलं. मी स्वतःचं चॅनेल काढून व्हिडिओ करायला लागले. तुमचेच धडे, तुमचेच क्रम, फक्त पाणी प्या एवढं गाळून.

आणि ती मुंगी. कारल्याच्या वेलीचे तणावे तुम्ही सकाळी दव असतानाच तोडून आणले होते. ते बारीक स्प्रिंगसारखे गुंडाळलेले दोरे एकेक सरळ न करता, आहेत तसे तुम्ही काचेवर चौकोनात मांडलेत. स्कॅन झालं, पडद्यावर मोठं करून बघितलं, तर डाव्या कोपऱ्यात, तणाव्याच्या अगदी टोकाला, एक काळी मुंगी. मी माउस हातात घेतला. "काढते हं, एका सेकंदाचं काम आहे."

तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. हळूच, पण मारलीत. "ती आधीपासून तिथं राहते. आपण नंतर आलो."

अंकलना मुंगीचं फार कौतुक. पाहुणे आले की ते तुमच्या पानांत मुंगी शोधायला लावायचे, आणि सापडली की स्वतःच पकडल्यासारखे खूश व्हायचे. कॉम्प्युटर सुरू कुठून होतो हे ज्यांना माहीत नाही, त्या माणसाला तेवढी एक गोष्ट पक्की माहीत होती.

नावाबद्दल तुम्ही कडक होतात. संच फुकट, धडे फुकट, कोणालाही द्या, पण पानाच्या खाली एक ओळ हवी : वस्तू कोणाच्या आणि पान कोणी जुळवलं. बायका विसरायच्या. मग तुम्ही त्यासाठी एक स्क्रिप्टच लिहिलीत. आता स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली कामांची यादी, तो ती मुकाट्यानं करतो. पान सेव्ह करताना ही स्क्रिप्ट चालवली की वस्तू करणारीचं नाव ती आपोआप लिहायची, आणि पान जुळवणारीचं नाव विचारून घ्यायची. तुम्ही कुठल्याकुठल्या ग्रुपवर मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारून ती तीन महिन्यांत तयार केली होतीत. मी विचारलं, "वस्तू करणारीचं नाव समजलं. जुळवणारीचं कशाला?"

"चूक झाली तर कोणाला धरायचं ते कळायला नको?"

आपण दोघी किती हसलो होतो तेव्हा.

आता ते सांगते, जे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

बाप्तिस्म्याच्या आमंत्रणाचा एक व्हिडिओ मी केला होता. तुमची कारल्याची चौकट घेऊन. तो खूप जणींनी बघितला. खाली एकीनं लिहिलं, "ताई, कसं सुचतं हो तुम्हाला?" मी लिहिलं, "असंच, घरच्या वेलीवरून." टीचर, माझ्या घरात चौथ्या मजल्यावर एक कुंडी आहे आणि तिच्यात कोरफड आहे.

एकदा तसं लिहिल्यावर खाली तुमचं नाव कसं ठेवणार? मी तुमची स्क्रिप्ट उघडली. वरून अकराव्या ओळीत तुमचं नाव होतं. ते खोडलं आणि तिथं माझं लिहिलं. जुळवणारीचं नाव विचारणारा भाग काढूनच टाकला. मग मुंगी राहिली. मोठं करून बघितलं तर तीच सगळं सांगून टाकेल असं वाटलं. तिलाही पुसली. खरंच एका सेकंदाचं काम होतं. मग चौकट, नमुने आणि ती स्क्रिप्ट, सगळं एकत्र बांधून मी चॅनेलवर वाटून टाकलं. तेव्हापासून कोणीही कुठेही त्या नमुन्यात पान केलं की माझं नाव आपोआप खाली उमटायचं. कोणी मुद्दाम लिहायची गरज नव्हती. लोक मला ओळखायला लागले, आणि मला ते आवडायला लागलं. आवडलं म्हणून लाज वाटत नव्हती, असंही नाही. दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

एका दुपारी तुमचा मेसेज आला. कुठल्या तरी बाईनं केलेल्या पानाचा फोटो, कारल्याची चौकट, खाली माझं नाव. तुम्ही फक्त एवढंच लिहिलं होतं : "छान झालंय पान. मुंगी दिसली नाही."

मी उत्तर टाइप केलं. खोडलं. पुन्हा केलं. शेवटी हात जोडलेलं एक चित्र पाठवलं. तुमच्यासारख्या शब्द तोलून वापरणाऱ्या बाईला मी उत्तर म्हणून एक चित्र पाठवलं! त्यानंतर तुमचा मेसेज आला नाही. तुम्ही मला ग्रुपवर उघडं पाडू शकत होतात. सगळ्या जणी तुमच्याच बाजूनं उभ्या राहिल्या असत्या. तुम्ही ग्रुपवर पुढचा धडा टाकलात, विसावा, फाटक्या कडा कशा करायच्या, आणि तोही मी वाचला, आणि त्याचाही व्हिडिओ केला.

आठ महिने मी होळीला आले नाही. दर रविवारी ठरवायचे. एकदा तर वसईपर्यंत आले, बाजारातून तुमच्यासाठी मोगऱ्याच्या कळ्या घेतल्या आणि तशीच परत फिरले. कळ्या घरी फुलल्या. नवऱ्यानं विचारलं, कोणासाठी? म्हटलं, देवाला.

आणि मग ग्रुपवर जेनीनं लिहिलं की आई गेली.

तुम्ही माझ्यासाठी काय केलं होतं ते मला त्या दिवशी आठवत राहिलं. माझ्या आईचा एकच फोटो आहे, कुठल्याशा सरकारी अर्जासाठी काढलेला, टपाल तिकिटाएवढा, चेहऱ्यावर अर्धा शिक्का. तो तुम्ही मागून घेतलात. चार दिवस शिक्का टिपून टिपून काढलात. मग आईच्या मागे तुम्ही तुमच्या आईच्या लुगड्याचा तो लाल कागद लावलात. साताऱ्याकडची माझी आई, जिनं समुद्र कधी पाहिला नाही, ती वसईच्या लुगड्याच्या लालीत अशी शोभली की मी तुमच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. पानाखाली तुम्ही लिहिलं होतं : "कागद – माझ्या आईचं लुगडं. फोटो – मनीषाची आई. जुळवणी – ब्रिजीत." दोन्ही आयांची नोंद आधी, तुमची शेवटी. ते पान माझ्या हॉलमध्ये लावलेलं आहे. मी व्हिडिओ करायचे तेव्हा कॅमेरा नेहमी त्याच्याकडे पाठ करून ठेवायचे.

काल सकाळी मी होळीला आले. अंकल वाडीच्या कडेला पाटावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. केळीच्या खोडाच्या सोपटाची दोरी ओली करून ठेवली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. अकरावी ओळ, मुंगी, घरच्या वेलीवरून हे उत्तर, तुमचा मेसेज, मी पाठवलेलं चित्र. मिस्साच्या दिवशीचं खोटंही. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. जुडी उचलायची, दोन वेढे, गाठ, बाजूला. मला वाटत होतं, ओरडतील. किंवा म्हणतील, जाऊ दे पोरी, आता ती गेली. खरं सांगते टीचर, मी त्या दुसऱ्या वाक्याची वाट बघत होते. त्यासाठीच आले होते की काय, असंही आता वाटतं.

जुड्या संपल्या तेव्हा ते म्हणाले, "हे मला कशाला सांगते? माझं काय घेतलं तू?"

त्यांनी उरलेली दोरी गुंडाळून ठेवली.

"तिचं नाव तू चारचौघांत पुसलं. परवा महिन्याच्या मिस्साला चारचौघं येतील. चर्चबाहेर उभं राहून त्यांना सांग."

"सांगते, अंकल."

"आणि ती मुंगी परत घाल."

मग त्यांनी मला दोन जुड्या दिल्या. घरी जाताना रिकाम्या हातानं कोणाला पाठवायचं नाही, ही त्या घराची रीत. त्या घ्यायला माझा हात पुढे होईना. त्यांनी पिशवी ओढून घेतली आणि आत टाकल्या.

दुपारी घरी आल्यावर मी आधी चॅनेलवर व्हिडिओ टाकला. तोंड धुवून, केस न विंचरता, कॅमेरा तुमच्या पानाकडे वळवून. चौकट कोणाची, धडे कोणाचे, स्क्रिप्ट कोणाची, मी काय केलं, सगळं. जुने नमुने काढून टाकले. जे लोकांनी उतरवून घेतलेत ते कुठे कुठे छापले जात राहतील, ते आता माझ्या हातात नाही. आणि खाली काय उत्तरं आली माहीत आहे? "किती मोठं मन ताई तुमचं." "असं कबूल करायला धैर्य लागतं." "तुमच्याबद्दलचा आदर वाढला." टीचर, मी कबुली दिली तर त्याचंही कौतुक मलाच मिळालं! तुमच्याबद्दल विचारलं फक्त एकीनं : त्या बाईंचे लेखी धडे कुठे मिळतील? तिला मी सगळे पाठवले. बाकीच्यांची उत्तरं बंद करून टाकली.

मग तुम्ही कधीतरी दिलेला पेनड्राइव्ह शोधला. त्यावर चिकटवलेल्या बँडेजच्या पट्टीवर तुमच्या अक्षरात लिहिलंय, "मूळ". तुम्ही तो देताना म्हणाला होतात, माझ्याकडचं बिघडलं तर तुझ्याकडे असू दे. त्यात कारल्याची चौकट होती. मोठी करून बघितली. तणाव्याच्या टोकाला ती होती, पाय पसरून, आधीसारखी.

उद्याच्या मिस्सासाठी जेनीला सांगून मी नव्या पत्रिका करायला घेतल्या. तोच निळ्या साडीतला फोटो, तीच वैतागलेली नजर. सावली एकाच बाजूला पडतेय ना, हे तीन वेळा तपासलं. मध्येच थांबले, सेव्ह केलं, उठले, पाणी प्यायले. मग पेनड्राइव्हमधली तुमची मूळ स्क्रिप्ट चालवली.

पहिली ओळ तिनं न विचारता लिहिली : चौकट – ब्रिजीत टीचर, होळी.

दुसऱ्या ओळीसाठी पडद्यावर तो छोटा चौकोन उघडला. इतक्या दिवसांत मी तो विसरले होते. त्यात तुमचाच प्रश्न, तुमच्याच भाषेत : "पान कोणी जुळवलं? खरं लिहा."

या पत्रिकेवर माझं नाव येऊ द्यायचंच नाही, असं मी ठरवून बसले होते. तेवढी तरी लाज राखायची, असं. पण मग मेथीच्या त्या जुड्या आठवल्या, आणि तुमचं टेबल आठवलं, आणि दुसरं नाव कशाला असतं ते आठवलं.

मी लिहिलं : मनीषा.

चूक झाली तर कोणाला धरायचं ते कळायला हवं, टीचर. उद्या मी बाहेरच उभी असेन.